नव्व्याण्णव वर्षांचा एक आठवडा

ये गं, अशी जवळ ये. तिकडे दाराशी टेकून काय बसतेस, परकी आहेस का? वर्षातून एकदा तोंड दाखवतेस, तेही जेवायच्या आधी उठायच्या बोलीवर. आणि परवा फोनवर विचारतेस काय, तर "काकू, तुमचं ते डोंगरावरचं घर अजून आहे का?" घर! तुझ्या काकांनी ऐकलं असतं तर त्यांना चार दिवस ठसका लागला असता. फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नाही ती, म्हणून लिहायला घेतली आहे. तू समोर बसली आहेस असं धरूनच लिहिते. मधे बोलू नकोस.

घर नव्हतं ते. एक खोली होती, आणि ती खोलीसुद्धा आमची नव्हती. आमचा होता आठवडा. एका खोलीला बावन्न मालक, वर्षाचे बावन्न आठवडे, ज्याने त्याने आपापल्या आठवड्यात यायचं, सात दिवस राजासारखं राहायचं आणि पुढच्या राजासाठी चादरी सोडून जायचं. टाइमशेअर म्हणायचे त्याला. अशी नव्व्याण्णव वर्षं. तुझे काका तेव्हा चाळिशीत होते. मी म्हटलं, "अहो, नव्व्याण्णव वर्षांनी आपण कुठे असणार?" तर म्हणाले, "आपण नसू, पण आठवडा असेल." किती उलटं झालं बघ. आम्ही आहोत.

ही त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. जळगावात तेव्हा प्लास्टिकच्या चटयांना ऊत आला होता. तुझ्या काकांचे एमआयडीसीत चार माग होते, चारही खडखडत असायचे, आणि चटई वाळायच्या आत, म्हणजे ती काही वाळत नाही, पण म्हणायची पद्धत, ट्रकमध्ये चढलेली असायची. पैसा बरा येत होता. माणसाकडे पैसा बरा यायला लागला की त्याला पत्रं यायला लागतात. तसं एक आलं. तुमचा नंबर लागला आहे, बक्षीस म्हणून प्रेशर कुकर मिळेल, अमक्या हॉटेलात संध्याकाळी या, पती-पत्नी दोघांनी येणं आवश्यक.

आता दोघांनी आवश्यक म्हटल्यावर मी गेले. कुकरसाठी गेले हे लपवत नाही. घरात नऊ ताटं होती. सासूबाई, तुझे दोन धाकटे काका शिकायला, आमची तीन मुलं, आम्ही दोघं, आणि कुणी ना कुणी पाहुणा. तुझे बाबा नोकरीला बाहेरगावी, ते सुटीत तुम्हाला घेऊन यायचे तेव्हा ताटं तेरा. सतराव्या वर्षी या घरात आले तेव्हापासून दिवसातून दोन वेळा माझ्या हाताला पीठ लागलंच आहे. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर फुफाटा, आत भाकरीची आच. कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी थापताना घाम कपाळावरून नाकाच्या शेंड्यावर यायचा आणि मी मान बाजूला करून तो खांद्याला पुसायची. हात कुठे मोकळे होते?

हॉटेलात पडद्यावर फोटो दाखवले. हिरवा डोंगर, निळा तलाव, वेताच्या खुर्चीत एक बाई. ती बाई काहीच करत नव्हती. मी तिच्याकडेच बघत राहिले. मग टाय घातलेला एक गृहस्थ आमच्या टेबलावर येऊन बसला. तुझ्या काकांना सोडून त्याने मलाच विचारलं, "मॅडम, तुम्ही शेवटची सुट्टी कधी घेतली होती?"

मी म्हटलं, "धाकट्याच्या वेळी. सव्वा महिना."

तो हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे सात दिवस तुम्ही चहाचा कपसुद्धा विसळायचा नाही."

त्या एका वाक्याला मी विकली गेले बाई. तुझे काका मात्र दुसऱ्याच वाक्याला विकले गेले. त्यांना तो म्हणाला, "सर, ही इन्व्हेस्टमेंट आहे. दरवर्षी किंमत चढतच जाणार. नको झालं तर विकून टाका, दामदुप्पट." म्हणजे एकाच कागदावर सही करून आम्ही दोघांनी दोन वेगळ्या वस्तू विकत घेतल्या. त्यांनी चढणारी किंमत आणि मी न विसळायचा कप. आणि जिला सात दिवस चूल नको होती तिला वर कुकर दिला.

आठवड्यांचे रंग होते. मे महिन्याचा लाल, तो महाग. दिवाळीचाही लाल. पांढरा मधला. आणि निळा सगळ्यांत स्वस्त. तुझ्या काकांनी निळा घेतला, सप्टेंबरचा तिसरा आठवडा. "डोंगर तोच, खोली तीच, पैसे निम्मे," म्हणाले. व्यापारी डोकं. पण घरातलं पंचांग बघायचं कुणालाच सुचलं नाही. तो आठवडा गणपतीत तरी येतो, नाहीतर पितृपक्षात. तिसरी सोय नाही. इंग्रजी महिन्यांवर सुट्टी घेणारी माणसं आपल्यात कुठे होती तेव्हा? आपल्या सुट्ट्या तिथीवर चालायच्या. पहिल्या वर्षी निघालो तेव्हा सासूबाई ओट्यावर बसून मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जा हो जा. पितरं पान वाढायची वाट बघतील, तोवर तुम्ही थंड हवा खा." मग ठरलं, परत आल्यावर सर्वपित्रीला सगळ्यांचं एकदम करायचं. त्यासाठी मी निघायच्या आधी वडे-खिरीचं सामान काढून ठेवलं आणि मगच गाडीत बसले. सुट्टीवर जायची तयारी म्हणतात ती हीच.

ते ठिकाण गुजरातच्या हद्दीजवळ डोंगरात होतं. जळगावहून एसटीने धुळे, धुळ्याच्या पुढे पांझरेच्या काठी माझं माहेर, तिथे एक मुक्काम, आणि मग पुढे. माझा मोठा भाऊ तिथे शेती करायचा. त्याला सगळं नीट समजावून सांगायचा तुझ्या काकांना भारी उत्साह. त्यांनी सर्टिफिकेट काढून दाखवलं, सोनेरी कडेचं. भावाने ते उजेडाकडे धरलं, मागून बघितलं, परत दिलं.

"सातबारा दखाडा."

"सातबारा नसतो हो याला. आठवड्याची मालकी आहे ही. दरवर्षी आपला नंबर आला की आपण जायचं."

भावाच्या तोंडावर उजेड पडला. "आसं! मंग ही तं पाळी शे ना!"

तुला माहीत नसेल, माझ्या माहेरी फड आहेत. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि त्या पाटाच्या पाण्यावर सगळ्यांची मिळून बागायत. ज्याची जशी जमीन तशी त्याची पाण्याची पाळी. पाणी कुणा एकाचं नाही, पाळी मात्र ज्याची त्याची, बापाकडून लेकाला येते. आणि पावसाळ्याआधी पाट उपसायचा असतो, तेव्हा प्रत्येक घरातून माणूस द्यावा लागतो. म्हणून भावाने पुढचा प्रश्न विचारला तो हाच.

"पाट कोन साफ करस?"

"कंपनी करते," तुझे काका म्हणाले. "आपण वर्षाला थोडे पैसे द्यायचे देखभालीचे. फार नाहीत."

"आनि बाकीसनी नही दिधा तं?"

तुझे काका हसले. "अहो, ते काय तुमच्या पाटावरचे लोक आहेत का? सुरतेचे, मुंबईचे व्यापारी आहेत सगळे."

"म्हनीसनच इचारस," भाऊ म्हणाला आणि बैलाला पाणी दाखवायला उठून गेला.

पहिला आठवडा मात्र खरंच तसा गेला, खोटं का बोलू. सकाळी दारावर टकटक व्हायची आणि चहा यायचा. दुपारी ताट. ताटात काय आहे हे बसल्यावर कळायचं. एवढ्या वर्षांत जेवायला बसताना ताटात काय आहे हे मला आधी माहीत नव्हतं असं कधी झालं नव्हतं. डाळ गुळमट होती, गुजराती. भाजीला तिखट नाही. तरी मी तीन वेळा वाढून घेतलं. व्हरांड्यात वेताची खुर्ची होती, तिच्यात बसून समोरचं धुकं बघायची. तिसऱ्या दिवशी हातांना चैन पडेना, तर मी टेबलावरच्या सगळ्या रुमालांच्या घड्या घातल्या, आमच्याही आणि शेजारच्या टेबलाच्याही. शेजारी सुरतेचं कुटुंब होतं, कापडाचे व्यापारी. त्यांची बायको म्हणाली, "बेन, रहेवा दो, आपण मालक छीए." आपण मालक आहोत! मी हात मागे घेतला. चौथ्या दिवसापासून मला जमायला लागलं. सातव्या दिवशी खोली सोडताना मी रडले, ते तुझ्या काकांना कळलं नाही. ते रिसेप्शनवर विचारत होते, यंदा नवीन माणसाला आठवडा कितीला पडतो म्हणून. किंमत चढली होती. ते खूश. मीही खूश.

अशी तीन वर्षं गेली. मग आली मंदी.

मंदी काही ढोल वाजवत येत नाही. आधी ट्रक उशिरा यायला लागले. मग व्यापारी म्हणायला लागले, माल ठेवून जा, विकला की पैसे देतो. मग म्हणायला लागले, माल घेऊन जा. चारातले दोन माग थांबले. गोदाम भरलं, मग आपला पुढचा ओटा भरला, मग माडी. घरात जिकडे बघावं तिकडे चटया, निळ्या-लाल मोरांच्या. तुझ्या धाकट्या काकांना साखरपुड्यात पाहुण्यांनी विचारलं, घरी काय असतं, तर माझा लेक म्हणाला, "बसायला भरपूर."

त्याच वर्षी कंपनीचं पत्र आलं. देखभालीचा खर्च वाढवण्यात येत आहे. दीडपट. आम्हाला वाटलं, छपाईची चूक. पुढच्या वर्षी त्याच्या दीडपट. आणि तिकडे जावं तर काय? तलावातलं पाणी हिरवं. जेवणाच्या पुस्तकाची झाली एक पाटी, पाटीवर खडूने दोन ओळी. सुरतेची मंडळी आलीच नाहीत. मॅनेजर सज्जन माणूस होता, त्याने हळू आवाजात सांगितलं. मालक लोकांचे धंदे बसले, त्यांनी देखभालीचे पैसे द्यायचे थांबवले. छप्पर तर तेवढंच आहे, माळी तोच आहे, विजेचं बिल तेवढंच. मग जे देतात त्यांच्यावर न देणाऱ्यांचाही बोजा. बोजा वाढला की त्यातले आणखी काही पळतात. मग उरलेल्यांवर आणखी बोजा.

मी म्हटलं, "म्हणजे जो शहाणा तो पळाला आणि जो प्रामाणिक तो भरतो आहे?"

तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही फार नेमकं बोलता."

तुझ्या काकांना हे पचेना. आयुष्यभर धंदा केलेला माणूस. भाव पडतो म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं. पण इथे विकायचा भाव पडत होता आणि ठेवायचा भाव चढत होता, एकाच वस्तूचा, एकाच वेळी. फैजपूरला तुझी आत्या आहे ना, केळीवाली, तिला सांगितलं तर ती हसून हसून लोळली. म्हणाली, "वहिनी, आमच्या केळीचा भाव पडतो, घड बांधावर टाकायची पाळी येते. पण केळ कधी म्हणत नाही, मला ठेवून घ्यायचे पैसे दे म्हणून."

शेवटी ते म्हणाले, "विकून टाकू."

मी भाकरी उलटली. त्यांना पैसा हवा होता हे दिसत होतं मला. प्लास्टिकचा दाणा आणायला हातात रोख नव्हती, उरलेले दोन मागही थांबायच्या बेतात होते. आणि मला काय हवं होतं? सात दिवस. एवढं मोठं घर, एवढी माणसं, चार माग, गोदामभर चटया, त्यात माझं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि तेही हिरव्या पाण्याचं. हे मी कुणाला सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, धंदा बुडतोय आणि हिला थंड हवा सुचते. म्हणून नाही सांगितलं. तुला आता सांगते आहे.

पेपरात जाहिरात दिली. चार ओळींची. तीन फोन आले. पहिला धुळ्याहून. तो म्हणाला, तुमचा विकला गेला तर मला गिऱ्हाइकाचा पत्ता द्या, माझाही आहे. दुसराही तसाच. तिसरी बाई होती चोपड्याची, ती तर रडकुंडीला आलेली. म्हणाली, फुकट घेता का हो? तेव्हा आम्हाला कळलं, आपल्या खान्देशात किती जणांना कुकर मिळाले होते ते.

मग तुझ्या काकांनी एक दिवस कंपनीलाच फोन लावला. आवाज जरा घोगरा केला आणि म्हणाले, "अमळनेरहून बोलतोय, आठवडा घ्यायचा आहे, काय भाव?" मी शेजारी उभी. पलीकडचा माणूस पाच मिनिटं बोलत होता. यांचा चेहरा बघवेना. फोन ठेवून म्हणाले, "आपल्याला पडला त्याच्या निम्म्यापेक्षा कमी. लाल आठवडा. पहिली दोन वर्षं देखभाल माफ. वर रंगीत टीव्ही." मग जरा वेळाने म्हणाले, "मी घेतो म्हणणार होतो." सवय वाईट असते गं.

गल्लीच्या तोंडाशी ते शेठजी होते ना, धान्याचे, त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या घरात तीन पिढ्यांपासून पैसा राहिलेला, कारण तो कुणी बाहेर फिरायलाच सोडला नव्हता. शेठजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाऊ, आम्ही जैन माणसं. चातुर्मासात गाव सोडत नाही. आणि तुम्ही मला चातुर्मासातला आठवडा विकताय?" पण माणूस भला. त्यांनी दुसरं गिऱ्हाईक धाडलं. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि त्यांची बायको. देऊ केलेली रक्कम आमच्या पैशाच्या चौथाईसुद्धा नव्हती, पण रोख होती.

तुझ्या काकांनी मला आधीच बजावलं, "तू फक्त चहा दे. बोलू नकोस."

चहा दिला. गृहस्थ फोटो बघत होते. बायको माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सप्टेंबर म्हणजे गणपतीत येईल का हो? आमच्याकडे दहा दिवसांचा असतो."

आता तूच सांग, विचारल्यावर उत्तर द्यायचं की नाही? मी म्हटलं, "नाही नाही, गणपतीत नाही. यंदा पितृपक्षात येतो."

बाईंनी कप खाली ठेवला. गृहस्थांनी फोटो खाली ठेवले. "अहो, पितृपक्षात मौज करायला कोण जातं?" त्या म्हणाल्या.

"आम्ही जातो," मी म्हटलं.

ते गेल्यावर तुझ्या काकांनी फोटो गोळा करून पाकिटात घातले. मग एवढंच म्हणाले, "खरं तेच बोललीस. पण एवढं खरं बोलायची आजच काय गरज होती?" मी कप उचलले आणि विसळायला घेऊन गेले. मी मुद्दाम बोलले का? त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. विचारलं म्हणून सांगितलं, हे खरं. आणि सांगताना मनात आनंद झाला, हेही खरं. त्या दिवाळीला एक माग विकावा लागला. भंगाराच्या भावात. माग उचलून नेला त्या दिवशी मी जेवले नाही, आणि का जेवले नाही ते कुणाला कळलं नाही.

देखभालीचं पत्र पुन्हा आलं. आता ते अख्ख्या आठवड्याच्या किमतीपर्यंत पोचत आलं होतं. म्हणजे वस्तू फुकट आणि तिला सांभाळायला पैसे. तुझे काका ते पत्र घेऊन माझ्या भावाकडे गेले. खरं म्हणजे भावाचा टोमणा ऐकायची त्यांची तयारी होती. पण तो गंभीर झाला. त्याच्या दृष्टीने हा गावचा प्रश्न होता.

"पाव्हना, जे पाट उपसाले उनात नही, त्यासना वाटाना गाळ कोनी काढा? तुम्ही. मंग त्यासनं पानी कोनं? तुमनं. सरळ शे."

तुझ्या काकांना हे एकदम पटलं. जळगावचा व्यापारी माणूस, पण त्या दिवशी त्यांना धुळ्याचा न्याय पटला. त्यांनी कंपनीला रजिस्टर पत्र धाडलं. मजकूर असा की, आपण आमच्याकडून गैरहजर मालकांच्या वाटची देखभाल वसूल करीत आहात, तरी त्यांचे आठवडे आमच्या पाळीस जोडून मिळावेत. तलावाच्या बाजूच्या दोन खोल्या आणि शक्यतो मे महिना. उत्तर आलं छापील. आपल्या सूचनेबद्दल आभार. खाली बिल.

पण दोघं मेहुणे आता इरेला पेटले. "जाऊन ताबा घेऊ," म्हणाले. त्या सप्टेंबरला आम्ही निघालो चौघं, आम्ही दोघं, भाऊ आणि वहिनी. बरोबर शिदोरी, परड्यातली वांगी, आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या, काड्यांचा भारा, आपल्याच चटईत गुंडाळलेला, एसटीच्या टपावर. "काड्या कशाला?" मी विचारलं. भाऊ म्हणाला, "ताबा घेनं म्हनजे धूर निंघाले पाहिजे."

तिथे पोचलो तर फाटक उघडं. माळी नाही. रिसेप्शनवर मॅनेजर एकटा, मफलर गुंडाळून. तुझ्या काकांनी पत्राची नक्कल काढली, घसा खाकरला, आणि आपला हक्क वाचून दाखवायला लागले. त्याने मधेच किल्ल्यांचा सगळा जुडगा त्यांच्यासमोर ठेवला.

"काका, हवी ती खोली घ्या. आणखी दोनच कुटुंबं आली आहेत."

लढायला गेलेल्या माणसाला कुणी असं दार उघडून देऊ नये. दोघांचे चेहरे पडले. मग मॅनेजर माझ्याकडे वळला आणि अगदी ओशाळून म्हणाला, "मॅडम, एकच अडचण आहे. स्वयंपाकी गेला. पगार थकला होता. पण किचन आहे, गॅस आहे, भांडी आहेत. तुम्ही करून घेऊ शकता."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तुझ्या काकांनी, भावाने, आवाज ऐकून आलेल्या त्या दोन कुटुंबांतल्या पुरुषांनीही. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं बरं का. बाई दिसली की तिच्यापाठीमागे चूल दिसते, एवढंच. वहिनी बिचारी पदर खोचायलाच लागली होती. मी तिचा हात धरला आणि तिला व्हरांड्यात नेलं. वेताच्या खुर्च्या होत्या तिथेच, एकीचा वेत उसवलेला. चांगल्या खुर्चीत तिला बसवलं, उसवलेल्या खुर्चीत मी बसले.

"अगं," तुझे काका म्हणाले, "जेवणाचं कसं?"

"मला काय विचारता? मी मालक आहे. नव्व्याण्णव वर्षांची. यासाठी एक माग गेला आपला. मी उठणार नाही."

माग गेला, हे माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं असावं, त्या दिवशीच्या चहाचं. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर काहीतरी बोलतील. ते वांग्यांची पिशवी उचलून अंगणात गेले.

आपल्याकडचे पुरुष घरात पाण्याचा तांब्या हाताने भरून घेणार नाहीत, पण शेतात भरीत करायचं म्हटलं की कुणाला हात लावू देत नाहीत. तसंच झालं. पाऊस भुरभुरत होता, म्हणून पोर्चमध्ये काड्या पेटवल्या. हंगामाची वांगी नव्हती ती, थंडीतल्या वांग्याची चव त्यांना कुठली यायला? पण भाजल्याचा वास सुटला तशी ती दोन कुटुंबंही येऊन उभी राहिली. एक नाशिकचे डॉक्टर, एक बडोद्याचे शिक्षक, दोघांच्या बायका घरच्या पितरांसाठी मागे राहिलेल्या, बरोबर नुसती मुलं. डॉक्टरांनी मिरच्या ठेचल्या आणि तोच हात डोळ्याला लावला. मग भावाने सगळ्यांना गोळा करून पाळ्या लावल्या. उद्या डॉक्टर, परवा मास्तर, तेरवा तुझे काका, मग तो स्वतः, मग पुन्हा पहिल्यापासून. मॅनेजरलाही एक वार दिला.

मास्तर जरा कुरकुरले, "आणि या दोघी?"

भाऊ म्हणाला, "त्या पाटकरी शेतस." पाटकरी म्हणजे पाटाच्या पाण्यावर देखरेख करणारा. तो स्वतः काही पेरत नाही. सगळ्यांच्या खळ्यावरून त्याला धान्य पोचतं.

सात दिवस आम्ही दोघी बसून खाल्लं. खिचडी एकदा करपली, एकदा आळणी झाली. मास्तरांची कढी मात्र अशी की मी मनात म्हटलं, यांच्या बायकोने घरी हे गुपित कसं ठेवलं असेल. खोल्यांतले गालिचे ओलीने कुजले होते, तिथे तुझ्या काकांनी आपल्या चटया अंथरल्या. मॅनेजरला म्हणाले, "देखभालीत वळत्या करा." तो म्हणाला, हेड ऑफिसला विचारतो. हेड ऑफिसमध्ये फोन कुणी उचलत नव्हतं.

ते शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी आमचं रजिस्टर पत्र 'पत्ता बदलला' म्हणून परत आलं. फाटकाला कुलूप पडल्याचं डॉक्टरांनी कळवलं. सर्टिफिकेट रद्दीवाल्यानेही घेतलं नाही. कागद जाड होता, म्हणाला, याचा पुडा होत नाही. किंमत विचारशील तर शून्य. देखभालही शून्य. तुझे काका म्हणाले, "चला, दोन्ही भाव एकदाचे जुळले."

आणि तरी पुढच्या सप्टेंबरला, तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी सकाळी, मी उठले, अंघोळ केली, आणि पुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले. चहाची वेळ झाली. मी हलले नाही. सासूबाईंनी आतून दोन हाका मारल्या. शेवटी तुझे काका बाहेर आले, माझ्याकडे बघितलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, आणि आत जाऊन स्टोव्ह पेटवायला लागले. आतून काडेपेटी शोधल्याचा आवाज बराच वेळ येत होता. सासूबाई म्हणाल्या, "ही काय नवीन रीत?" तर ते म्हणाले, "करार आहे. मी सही केली आहे."

तेव्हापासून तो आठवडा माझा. एकही वर्ष चुकलं नाही. पितरांचं पान मी आधी किंवा सर्वपित्रीला वाढते, त्यांची काही तक्रार आलेली नाही. पोरांची लग्नं झाली, सुना आल्या, त्यांनाही मी आपापला एकेक आठवडा तोडून दिला आहे. धाकटीने तर सरळ मे महिन्यातला मागितला, लाल. हुशार आहे. तुझ्या काकांना आता उभं राहायला होत नाही, ते स्टुलावर बसून फोडणी देतात आणि मोहरी तडतडायच्या आधीच पाणी ओततात. मी ओट्यावरून सांगत नाही. मालकाने किती बोलावं, काही मर्यादा आहे.

तर असं आहे ते डोंगरावरचं घर. आता फोन ठेव बाजूला आणि सुटी काढ. माझ्या आठवड्यात आलीस तर तुला काकांच्या हातचं जेवावं लागेल, ती हिंमत नसेल तर त्याआधी ये, मी भाकरी टाकते. पण ये गं लवकर. जेवून जायच्या बोलीवर ये.